ग्रिल्ड स्टेकवर ब्लू चीज: मुंबईकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माहीमला चौथ्या मजल्यावरच्या, दोन माणसं उभी राहिली की भरून जाणाऱ्या स्वयंपाकघरात मी गेली काही वर्षं महिन्यातून एखाद्या रविवारी स्टेक करतो, म्हणजे मांसाचा जाड तुकडा मोठ्या आचेवर भाजतो. त्यावर ब्लू चीज, म्हणजे निळ्या शिरांचं मुरवलेलं चीज, घालतो हे कळल्यापासून मित्र, भाचरं, ऑफिसातली मंडळी फोन करतात आणि प्रश्न बहुतेक तेच असतात. म्हणून उत्तरं एकदाच लिहून काढली आहेत.

मुंबईत स्टेक म्हणून मिळतं ते नक्की कशाचं असतं?

म्हशीचं. मेन्यूवर ‘टेंडरलॉइन’ लिहा, ‘बफ’ लिहा, नाहीतर नुसतं ‘स्टेक’ लिहा, ताटात म्हैसच येते. महाराष्ट्रात गाईच्या कत्तलीवर बंदी १९७६ च्या कायद्यापासून आहे. बैल आणि वळू त्या बंदीत नव्हते. १९९५ मध्ये विधिमंडळाने केलेल्या दुरुस्तीला राष्ट्रपतींची मंजुरी थेट २०१५ मध्ये मिळाली आणि मग तेही बंदीत आले. २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ही बंदी कायम ठेवली. मात्र परराज्यातून आणलेलं असं मांस जवळ बाळगणं गुन्हा ठरवणारं कलम रद्द केलं. म्हशींच्या कत्तलीला अशी सरसकट बंदी नाही, जनावराचा दाखला लागतो. गोमांसाची आयातही आपल्याकडे बंद आहे. तेव्हा व्हिडिओत दिसणारा तो संगमरवरासारखा पांढऱ्या रेघांचा अमेरिकन रिबआय, म्हणजे बरगडीकडचा तुकडा, विसरा. आपल्या हातात येणारी वस्तू वेगळी आहे आणि पुढची सगळी उत्तरं तिच्यासाठीच आहेत.

चांगल्या मांसावर चीज कशाला? मांसाची चव झाकली जात नाही का?

हा प्रश्न अमेरिकेत राहून आलेले लोक हमखास विचारतात. तिकडे तो रास्त आहे. तिकडच्या स्टेकमध्ये आतपर्यंत चरबीच्या रेघा असतात, भाजताना त्या विरघळतात आणि घास आपोआप ओलसर, लोण्यासारखा होतो. वर चीज म्हणजे मग पुरणपोळीवर गुलाबजाम.

म्हशीचं मांस गडद, कोरडं आणि चरबीला कंजूष. त्यातून आपल्याकडे येणारी जनावरं बरेचदा दुभती म्हणून वर्षानुवर्षं राबलेली असतात. जी काही चरबी असते ती कडेला, आणि तीही शुभ्र पांढरी. गाईचं लोणी पिवळसर आणि म्हशीचं पांढरं असतं, त्याचंच हे कारण: चाऱ्यातलं पिवळं कॅरोटीन म्हैस जीवनसत्त्व अ मध्ये बदलून टाकते, चरबीत साठवत नाही. सांगायचा मुद्दा हा की आपल्या तुकड्यात जे मुळातच कमी आहे, म्हणजे स्निग्धपणा आणि खारटपणाची धार, ते ब्लू चीज वरून भरून काढतं. वरणभातावर तूप घालतो तेव्हा वरणाची चव झाकली असं आपण म्हणत नाही. हे तसंच आहे. चीज इथे तुपाचं आणि मिठाचं काम करतं, सजावटीचं नाही. एवढं डोक्यात बसलं की किती घालायचं आणि कधी घालायचं, ही उत्तरं आपोआप मिळतात.

खाटकाकडे काय मागायचं?

‘अंडरकट’. मुंबईत टेंडरलॉइनला हाच शब्द आहे. मला तो शेजारच्या ईस्ट इंडियन (मुंबईच्या जुन्या ख्रिस्ती समाजातल्या) मावशींनी शिकवला. पहिल्यांदा मी दुकानात जाऊन ‘स्टेकसाठी द्या’ म्हटलं होतं. दुकानदाराने माझ्याकडे एकदा बघितलं आणि मांडीचा तुकडा छान पातळ कापून दिला. चावून चावून जबडा दुखला. मावशी म्हणाल्या, “अरे बाबा, तू नाव घेतलं नाहीस तर तो त्याला खपवायचंय तेच देणार ना!”

अंडरकट म्हणजे कण्याखालचा लांबट स्नायू. जनावर चालताना त्याला फारसं काम नसतं, म्हणून म्हातारपणीही तो मऊ राहतो. एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला शेपटीसारखा निमुळता. शेपूट घेऊ नका, ती लगेच कोरडी पडते. दुकानात मी सरळ मुंबईच्या हिंदीत सांगतो: “बीच का हिस्सा, दो-दो उंगली का पीस.” दोन बोटं म्हणजे साधारण चार सेंटिमीटर. पातळ तुकडा बाहेरून रंग येईपर्यंत आतून संपलेला असतो.

वर एक चंदेरी, चकचकीत पापुद्रा असतो. तो काढून द्यायला सांगा, किंवा घरी धारदार सुरीचं टोक खाली घालून पट्ट्या पट्ट्यांनी सोलून काढा. तो शिजून मऊ होत नाही. आक्रसतो आणि तुकड्याची वाटी करून टाकतो.

आणि हो, सकाळी लवकर जा.

ब्लू चीज म्हणजे बुरशी लागलेलं चीजच ना?

हो, पण मुद्दाम लावलेली, ओळखीतली बुरशी. तिचं नाव पेनिसिलियम रोकफोर्टी. दुधात किंवा दह्यात ती मिसळतात, चीजचे गोल थापे मीठ लावून ठेवतात आणि मग लांब सुयांनी त्यांना आरपार भोकं पाडतात. बुरशीला हवा लागते, म्हणून ती त्या भोकांच्या आणि आतल्या फटींच्या वाटेने पसरते. कापल्यावर दिसणाऱ्या निळ्या-हिरव्या शिरा म्हणजे हवा जिथून जिथून गेली त्याचा नकाशा. दोन-तीन महिने मुरवलं की ते बाजारात येतं.

घरी विसरलेल्या पावावरची बुरशी मात्र यातली नव्हे. ती कोणती, काय विष बनवणारी, हे तुम्हाला ठाऊक नसतं. पाव टाकून द्या.

वासाचं काय करायचं? घरात कोणी जेवायला बसत नाही.

आमच्याकडे पहिल्यांदा पाकीट उघडलं तेव्हा आई आतल्या खोलीतून म्हणाली, “अरे, फ्रिजमध्ये काय नासलंय बघ.” मी म्हटलं, “नासलं नाही, असंच असतं.” तिने येऊन वाकून वास घेतला आणि विचारलं, “ह्याचे पैसे दिलेस?”

त्याच आईला सुकटीची चटणी दोन्ही वेळ चालते. पावसाळ्यात सुके बोंबील भाजले की सगळ्या जिन्याला कळतं आणि तिला त्यात काही वावगं वाटत नाही. वासाला सरावायचा प्रश्न आहे, दुसरं काही नाही. ब्लू चीजची बुरशी दुधातली चरबी फोडते, त्यातून उडून जाणारी संयुगं तयार होतात आणि तो झणका नाकात जातो. तोंडात गेल्यावर मात्र वास मागे पडतो आणि खारट, आंबूस, साय खाल्ल्यासारखी चव पुढे येते. गरम मांसावर अर्धवट विरघळलं की तर वास निम्म्यावर येतो. नवख्या माणसाला थंड तुकडा चाखायला देऊ नका. पहिला घास मांसासकटच द्या.

आई आता खाते. ‘थोडंच घाल’ म्हणते, पण ताटली पुढे करते.

कोणतं ब्लू चीज घ्यावं?

सुरुवातीला डॅनिश ब्लू. गाईच्या दुधाचं, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला डेन्मार्कमध्ये रोकफोर्ट या फ्रेंच चीजच्या धर्तीवर काढलेलं. खारट, सरळ, थोडं आडदांड. पण स्टेकसमोर आडदांडपणा चालतो आणि त्याचा भुगा छान पडतो.

माझी स्वतःची निवड गोर्गोन्झोला. मिलानजवळच्या गावाच्या नावावरून ओळखलं जाणारं हे इटालियन चीज दोन तऱ्हांचं येतं. ‘डोल्चे’ मऊ, गोडसर, चमच्याने उचलावं असं. ‘पिकान्ते’ जुनं, कोरडं, तिखट धारेचं. म्हशीच्या कोरड्या मांसाला डोल्चे जास्त शोभतं, कारण ते नुसत्या उष्णतेने सायीसारखं पसरतं.

रोकफोर्ट मेंढीच्या दुधाचं. दक्षिण फ्रान्समधल्या रोकफोर्ट-सूर-सूलझों गावातल्या कोंबालू डोंगराच्या गुहांत मुरवलेल्यालाच ते नाव लावता येतं आणि १९२५ पासून त्या नावाला कायद्याचं संरक्षण आहे. चव अप्रतिम, खारटपणा सगळ्यात जास्त, किंमतही. इतकं महाग चीज मी स्टेकवर घालत नाही, नुसतं खातो. स्टिल्टन इंग्लंडमधल्या फक्त तीन परगण्यांत बनवता येतं आणि गंमत म्हणजे स्टिल्टन गाव त्या तिन्हींच्या बाहेर आहे. स्टेकवर ते चांगलं लागतं, पण मिळेलच असं नाही.

शाकाहारी पाहुण्यांना चीज वेगळं वाढणार असाल तर पाकिटावरचा हिरवा ठिपका बघून घ्या. दूध विरजायला वासराच्या किंवा कोकराच्या पोटातलं रेनेट वापरायची युरोपात जुनी पद्धत आहे.

आपलं नेहमीचं क्यूबवालं चीज चालणार नाही का?

नाही. ते सँडविचसाठी ठेवा.

कुठे मिळतं आणि घरी कसं आणायचं?

क्रॉफर्ड मार्केटमध्ये आयात मालाचे गाळे आहेत, वांद्र्याला पाली मार्केटच्या आसपास मिळतं, मोठ्या मॉलमधल्या किराणा दुकानांत असतं, आणि ॲपवरून दारातही येतं. मी शक्यतो डोळ्यांनी बघून घेतो. चीज पांढरं ते हस्तिदंती दिसायला हवं, शिरा निळ्या किंवा हिरवट. गुलाबी छटा, काळे केसाळ ठिपके, पाकिटात साचलेलं पाणी, किंवा उघडल्यावर अमोनियासारखा डोळ्यात जाणारा वास असेल तर परत करा.

एप्रिल-मेमध्ये बर्फाची पिशवी घेऊन जा. एकदा मी संध्याकाळी सहाच्या लोकलने ते नुसत्या कापडी पिशवीतून आणलं. दादरपर्यंत माझ्या आजूबाजूला चक्क उभं राहायला जागा झाली होती.

मीठ कधी लावायचं?

आदल्या रात्री, किंवा अगदी तव्यावर टाकताना. मधल्या वेळेत नको. मीठ लावल्यावर पहिल्या काही मिनिटांत मांसातून पाणी सुटतं आणि पृष्ठभाग ओला होतो. पाऊणएक तास थांबलात तर ते खारं पाणी हळूहळू परत आत मुरतं. दहा-पंधरा मिनिटांनी तव्यावर टाकलेला तुकडा म्हणजे ओला फडका. तो भाजला जात नाही, उकडला जातो.

मी रात्री मीठ लावून, जाळीवर ठेवून, न झाकता फ्रिजमध्ये ठेवतो. सकाळी वरचा भाग कोरडा, किंचित कागदासारखा लागतो. मुंबईत ही पायरी चुकवू नका. जुलैत तर इथे पापडसुद्धा डब्याबाहेर पाच मिनिटं कुरकुरीत राहत नाही, मांस कुठून कोरडं राहणार? त्यात, वर चीज येणार असल्याने मीठ नेहमीपेक्षा निम्मंच लावा. हे विसरलात तर खारटपणा काढायला काही उपाय नाही.

गोडा मसाला, आलं-लसूण, लिंबू वगैरे लावू का?

आलं-लसणाचा वाटणाचा थर तव्यावर मांसाआधी जळतो आणि कडू होतो. गोडा मसाला ब्लू चीजशी भांडतो, दोघंही बोलघेवडे. जाडसर कुटलेली मिरी घाला, तीही शेवटी. लसणाची हौस असेल तर दोन पाकळ्या सालासकट ठेचून तुपात परतायला टाका आणि नंतर काढून घ्या.

सिगडी नाही. ग्रिल कसं करणार?

कोळशाच्या सिगडीची चव वेगळीच, यात वाद नाही. पण सोसायटीच्या गच्चीवर कोळसे फुलवायचे तर आधी सेक्रेटरी, मग वरच्या मजल्याचे वाळत घातलेले कपडे, मग वारा. ज्यांची वसईकडे, अलिबागला अंगणवाली घरं आहेत त्यांनी खुशाल जाळीवर भाजावं. कोळशावर पांढरी राख धरल्यावरच जाळी ठेवा, आणि कोळसे एका बाजूला सारून दुसरी बाजू मंद ठेवा, म्हणजे जळायला लागलं तर सरकवायला जागा राहते.

फ्लॅटमध्ये बिडाचा तवा. आजीचा घावनांचा तवा असेल तर उत्तम. बीड जाड असतं, उष्णता धरून ठेवतं आणि थंड मांस पडल्यावरही गार होत नाही. नॉनस्टिक नको, इतक्या आचेला त्याचा लेप टिकत नाही. रेघांचा ग्रिल पॅन फोटोसाठी बरा, पण रंग फक्त रेघांवर येतो आणि चव रंगात असते. मांसाच्या पृष्ठभागाचं तापमान साधारण १४० अंश सेल्सियसच्या वर गेलं की तो तपकिरी, खमंग थर तयार होतो. पाणी शिल्लक असेल तोवर तापमान १०० अंशांवर अडकून बसतं, म्हणून कोरडेपणाचा एवढा आग्रह.

तवा मोठ्या आचेवर पाच मिनिटं तापवा. तेल किंवा साजूक तूप मांसाला चोळा, तव्यात ओतू नका. धूर कमी होतो. खिडक्या सताड उघडा, एक्झॉस्ट लावा, आतल्या खोलीचं दार बंद करा. तरी धूर होणारच.

किती वेळ भाजायचं? आणि आत लाल राहिलं तर रक्त असतं ना ते?

रक्त नसतं. स्नायूतला मायोग्लोबिन नावाचा लाल रंग पाण्यात मिसळून बाहेर येतो. रक्त कत्तलीच्या वेळीच निघून गेलेलं असतं.

चार सेंटिमीटरच्या अंडरकटला माझ्या तव्यावर एकेका बाजूला साधारण चार मिनिटं लागतात, मग कडा चिमट्याने उभ्या धरून अर्धा अर्धा मिनिट. तुमचा तवा वेगळा, तुमचा गॅस वेगळा. त्यामुळे मिनिटांवर विसंबू नका, सुईवाला थर्मामीटर घ्या. मधोमध ५५ अंशांच्या आसपास मीडियम रेअर (आतून लालसर), ६० ला मीडियम (आतून गुलाबी), ७० च्या पुढे पूर्ण शिजलेलं. तव्यावरून काढल्यावरही आतलं तापमान तीन-चार अंश चढतं, तेव्हा तेवढं आधीच काढा. अमेरिकेच्या कृषी खात्याचा सुरक्षिततेचा आकडा ६३ अंश आणि त्यानंतर तीन मिनिटांची विश्रांती असा आहे. घरात लहान मुलं, म्हातारी माणसं असतील तर मी तोच पाळतो.

‘एकदम शिजवून दे’ म्हणणारे पाहुणे येतातच. त्यांच्याशी वाद घालू नका. त्यांच्याच तुकड्यावर चीज थोडं जास्त घाला. कोरड्या पडलेल्या मांसाला ब्लू चीजइतका मोठा आधार दुसरा नाही.

खिम्याच्या पॅटीला मात्र हा हिशेब लागू नाही. अखंड तुकड्यावर जंतू असतात ते वरच्या बाजूला, आणि ते भाजताना मरतात. खिमा करताना बाहेरचं आत जातं, म्हणून तो पूर्ण शिजवायचा.

चीज नेमकं कधी आणि कसं घालायचं?

मांस तव्यावरून उतरवल्यावर. तव्यावर असताना नाही, सिगडीवर असताना तर अजिबात नाही.

मी पहिल्यांदा केलं तेव्हा व्हिडिओत बघून मांस उलटवल्याबरोबर वर चीज ठेवलं. ते घरंगळून बिडावर पडलं. दहा सेकंदांत चरबी सुटून तेल झालं, उरलेल्याचा तपकिरी रबर झाला आणि असा वास सुटला की तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी वर येऊन विचारलं, “कुठे वायर जळतेय का?”

आता असं करतो. मांस तव्यावर पडलं की चीज फ्रिजबाहेर काढतो आणि हाताने हरभऱ्याएवढे, काही बोराएवढे तुकडे मोडून ठेवतो. सुरीने कापत नाही. मोडलेल्या तुकड्याला खडबडीत कडा असतात आणि कडा आधी विरघळतात. पोळपाटाएवढी स्टीलची ताटली गरम पाण्याने धुऊन, पुसून ठेवतो. मांस तिच्यावर काढतो आणि तीन मिनिटं हात लावत नाही. मग चीज मधोमध ढीग करून ठेवतो, कडेची एक बोट जागा मोकळी सोडतो, आणि वरून खोलगट पातेलं पालथं घालतो. भाताला वाफ देतो तशी ही मांसाची स्वतःचीच वाफ. दीड-दोन मिनिटांनी पातेलं उचललं की खालचे तुकडे बसलेले असतात, कडा चकाकत असतात, निळी शीर ओली होऊन थोडी खाली सरकलेली असते आणि वरचा एखादा बोराएवढा तुकडा अजून उभा असतो. बस, एवढंच हवं. खाली सुटलेला मांसाचा रस आणि ओघळलेलं चीज मिसळून ताटलीत आपोआप कालवणासारखं काहीतरी तयार होतं. ते टाकू नका, पावाला लावा.

ब्लू चीज पिझ्झावरच्या चीजसारखं तार धरत नाही. तार येईना म्हणून पुन्हा गॅसवर ठेवणाऱ्यांचं पुढे काय होतं ते वर सांगितलंच आहे.

एका माणसाला किती चीज?

दोनशे ग्रॅमच्या तुकड्याला पंचवीस ते तीस ग्रॅम, म्हणजे दोन सपाट मोठे चमचे. ब्लू चीजमध्ये दर १०० ग्रॅमला साधारण तीन ग्रॅम मीठ असतं, रोकफोर्टमध्ये त्याहून जास्त. म्हणजे तीस ग्रॅममध्ये जवळजवळ एक ग्रॅम मीठ आणि आठ-नऊ ग्रॅम चरबी तुम्ही वरून घालताय. रक्तदाबवाल्यांनी मांसाला मीठच लावू नये.

आधी करून ठेवता येईल असं काही आहे का?

ब्लू चीजचं लोणी. आणि इथे आपण युरोपच्या पुढे आहोत, कारण आपल्याकडे घरचं पांढरं, बिनमिठाचं लोणी असतं. विकतचं पिवळं लोणी खारट असतं, त्यात हे चीज म्हणजे मिठागरच. दोन वाट्या लोण्याला एक वाटी कुस्करलेलं चीज आणि भरपूर मिरी. लोण्यातलं ताक आधी नीट धुऊन, दाबून काढा, नाहीतर गोळा पाणी सोडतो. बटर पेपरमध्ये वळकटी करून फ्रिजमध्ये ठेवलं तर आठवडाभर, फ्रीझरमध्ये दोनेक महिने राहतं. गरम स्टेकवर बोटभर चकती ठेवली की झालं. बारा माणसं जेवायला असतील तेव्हा मी हेच करतो; बारा पातेली पालथी कोण घालणार?

क्रीमचा सॉस करायचा तर मंद आचेवर क्रीम थोडं आटवा, गॅस बंद करा, मग चीज घाला. उकळलं की फुटतं.

आम्ही म्हशीचं मांस खात नाही. दुसरं काय?

पोर्क चॉप. माझ्या मते ब्लू चीजची खरी जोडी तीच, स्टेकपेक्षाही. डुकराच्या मांसाचा गोडसरपणा आणि हा खारटपणा छान जुळतो. ६३ अंशांपर्यंत शिजवा. चिकनची तंगडी, हाड काढून, ७४ अंशांपर्यंत. छातीचा भाग नको. बोकडाच्या मटणाला स्वतःचा वास असतो, त्यात हा दुसरा वास भरीला. मी दोनदा केलं आणि सोडून दिलं.

शाकाहारात सुरण. गंमत म्हणून सांगत नाही. दोन सेंटिमीटर जाड चकत्या चिंच किंवा कोकम घातलेल्या पाण्यात, सुरी जाईल इतपत उकडा म्हणजे खाज राहत नाही, कोरड्या करा आणि बिडावर तुपात लाल भाजा. वर चीज तसंच, पालथ्या पातेल्याखाली.

पनीर नको, चीजवर चीज होतं. आणि सुरमईवर ब्लू चीज घालू का असं विचारणाऱ्या भाच्याशी मी दोन दिवस बोललो नव्हतो.

सोबत काय वाढायचं?

इराणी बेकरीतला कडक ब्रून पाव, ताटली पुसायला. कांदा उभा चिरून, चिमूटभर मीठ घालून, मंद आचेवर अर्धा तास परतून जांभळा-तपकिरी केलेला. हिवाळ्याच्या शेवटी पुरंदरची अंजिरं आली की दोन अंजिरं उभी चिरून त्याच तव्यात मिनिटभर उलटी ठेवा. ब्लू चीज आणि अंजीर ही जोडी युरोपात जुनी आहे आणि आपलं अंजीर त्यात कुठेही कमी पडत नाही. काकडीची कोशिंबीर चालते, पण दही न घालता.

पेनिसिलिनची ॲलर्जी आहे. खाल्लं तर चालेल?

औषधाचं पेनिसिलिन याच कुळातल्या पण वेगळ्या बुरशीपासून बनतं. १९५४ साली पिंपरीत सुरू झालेली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स त्याचसाठी होती. चीजमधली बुरशी म्हणजे ते औषध नव्हे, आणि बहुतेकांना त्रास होत नाही. पण पूर्वी घसा सुजणं, श्वास अडकणं असं झालं असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय चाखू नका.

आणखी कोणी टाळावं?

गरोदर बायकांनी. मऊ ब्लू चीजमध्ये लिस्टेरिया जंतूचा धोका असतो आणि पालथ्या पातेल्याखालची दोन मिनिटांची वाफ तो घालवायला पुरेशी नाही. अर्धकच्चं मांसही त्या काळात नकोच.

दुसरी गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. टीबीवर आयसोनियाझिड चालू असेल तर मुरवलेल्या चीजमधल्या टायरामीन नावाच्या घटकामुळे डोकेदुखी, धडधड, अंगावर लाली असा त्रास होऊ शकतो. नैराश्यावरच्या काही जुन्या गोळ्यांबरोबर तर रक्तदाब एकदम चढतो. गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा, मग दुकानात जा.

उरलेलं चीज कसं ठेवायचं?

बटर पेपरमध्ये गुंडाळून, घट्ट झाकणाच्या डब्यात, फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात. प्लास्टिक थेट लावू नका, घाम सुटतो. दुसऱ्या चीजजवळ ठेवू नका, बुरशी तिकडे मुक्कामाला जाते. उघड्या दुधाजवळ आणि खिरीजवळ तर नकोच. उघडल्यावर दोन-तीन आठवडे चांगलं राहतं. फ्रीझरमध्ये पोत भुसभुशीत होतो, लोण्यासाठी किंवा सॉससाठी तरीही चालतं.

आणि उरलेला स्टेक?

आमच्याकडे क्वचित उरतो. उरलाच तर पुन्हा गरम करू नका, चामडं होतं. फ्रिजमधून काढून थंडच, धाग्यांना आडवा, जमेल तितका पातळ कापा. ब्रून पाव मधून चिरून आतून पांढरं लोणी लावा, मांसाचे काप, परतलेला कांदा आणि ब्लू चीजचा उरलासुरला चुरा भरा, आणि वरून तळहाताने दाबा, पाव कुरकुर वाजेपर्यंत. सोमवारी सकाळी डब्यात हाच असतो. ऑफिसात मात्र मी तो खिडकीजवळ बसून खातो.